घर विकायचे, पण कोणाला?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात वीर, ता. महाड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान वक्ते येतात. आम्ही विद्वान नाही. टपाल खात्यात नोकरी करून निवृत्त झालेला एक सामान्य सभासद, एवढीच आमची ओळख. कार्यकारिणीने आम्हाला ‘गावाकडील घर विकताना’ हा विषय दिला तेव्हा सभेत काही जण हसले. समाजकार्य करणाऱ्या संस्थेत दलालीचे धडे कशाला, असेही एका ज्येष्ठ सभासदाने विचारले. त्यांचे म्हणणे आम्हाला समजते. परंतु गेल्या तीन-चार वर्षांत सभा संपली की चहाच्या वेळी कोणी ना कोणी आम्हाला बाजूला घेते आणि हळूच म्हणते, “दादा, गावचे घर काढायचे आहे, कसे करावे?” ही चोरून विचारण्याची गोष्टच आमच्या नुकसानीचे मूळ आहे. घर विकणे म्हणजे काही गुन्हा केल्यासारखे आपण वागतो, कोणाला सांगत नाही, आणि मग एका रात्रीत कोणातरी एजंटाच्या हातात कागद देऊन मोकळे होतो. म्हणून उघडपणे बोलावे असे आम्ही ठरविले.

घर विकावेच का, हा वाद आज नको. ज्याचे घर त्याला त्याची अडचण ठाऊक. मुंबईत चाळी जाऊन इमारती उभ्या राहत आहेत. वरळीच्या बीडीडी चाळीतील पहिल्या ५५६ रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यांत आपल्या कोकणातलेही लोक आहेत. उंच इमारत आली की देखभालीचा खर्च आला, लिफ्ट आली, मुलांची कॉलेजे आली. इकडे गावच्या घराला वाळवी लागलेली असते. दर पावसाळ्यापूर्वी कौले चाळायला माणूस मिळत नाही. अशा वेळी घर विकण्यात कमीपणा नाही. प्रश्न आहे तो कोणाला विकायचे, आणि तो योग्य माणूस आपल्यापर्यंत कसा यायचा, हा.

आमचेच उदाहरण सांगतो.

आमचे घर इथेच, वाडीच्या खालच्या अंगाला. जांभ्या दगडाचे, कौलारू, वडिलांनी मुंबईच्या गिरणीतून पैसे पाठवून बांधलेले. १९९३ साली कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाला. काही काळ या बाजूचे शेवटचे स्थानक आपले वीरच होते. गाडी इथवर येई आणि इथूनच परत फिरे. त्या वेळी वडील म्हणत, आता घराला सोन्याचा भाव येणार. सोन्याचा भाव आला नाही, पण एजंट मात्र आले. महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम निघाल्यावर तर ते दर शनिवारी येऊ लागले.

आई गेल्यानंतर घर सहा वर्षे बंद राहिले. आम्ही दोघे भाऊ व एक बहीण. एका एजंटाने आम्हाला गाठले. माणूस बोलायला गोड, सुपारी पुढे करणारा. त्याने तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, “तुम्हाला हातात अमुक रक्कम मिळेल, वरचे माझे.” दुसरी, “तुम्हाला मुंबईहून पुन्हा पुन्हा येणे परवडायचे नाही, मला कुलमुखत्यारपत्र देऊन टाका.” आणि तिसरी गोष्ट त्याने आवाज खाली करून सांगितली : “जाहिरातीत बौद्धवाडी असे लिहू नका. स्टेशनजवळ एवढेच लिहू. गिऱ्हाईक एकदा इसार देऊन बसले की मग काय करणार?”

या तीनही गोष्टींना आम्ही, खोटे कशाला सांगू, आठ दिवस होकारच देऊन बसलो होतो. धाकट्या भावाला पैशाची निकड होती. अडविले ते आमच्या बहिणीने. ती म्हणाली, “जो वाडीचे नाव ऐकून पळणार आहे, त्याला फसवून आणून शेजारच्या काकूंच्या उरावर बसवायचे का? काकूंना तिथेच राहायचे आहे.” आम्ही तिघे निघून जाणार होतो, शेजार मात्र तिथेच राहणार होता. घराचा व्यवहार दोघांचा असतो असे आपण समजतो, पण त्यात तिसरा पक्षही असतो. तो म्हणजे वाडी. तिला कोणी विचारीत नाही.

आता त्या तीन गोष्टी एकेक करून पाहू.

‘वरचे माझे’ हा सौदा कधीही करू नये. रीतीप्रमाणे दलाली शेकडा एक ते दोन असते आणि ती झालेल्या किमतीवर असते. ‘वरचे माझे’ म्हणणारा माणूस तुमचा प्रतिनिधी राहत नाही, तो तुमच्या घराचा छुपा खरेदीदार होतो. तुम्हाला भाव कमी सांगण्यात आणि गिऱ्हाईकाला जास्त सांगण्यात त्याचा फायदा. शिवाय नव्या प्रकल्पांतील सदनिकांसाठी महारेराचा कायदा आहे, तेथे एजंटालाही नोंदणी करावी लागते. गावातल्या जुन्या घराच्या फेरविक्रीला ते कवच नाही. इथे आपले डोळे हेच कवच.

कुलमुखत्यारपत्राविषयी तर खेदाने नमूद करावेसे वाटते की आपले शिकलेले लोकही त्यावर डोळे मिटून सही करतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की कुलमुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र एवढ्यावर मिळकतीची मालकी बदलत नाही. त्याला नोंदणीकृत खरेदीखतच हवे. मग एजंटाला ते पत्र कशासाठी हवे असते? तुमच्या पाठीमागे किंमत ठरविता यावी म्हणून. आजारी माणसाने सख्ख्या मुलाला किंवा पत्नीला सहीचा अधिकार देणे ही गोष्ट वेगळी. परक्या माणसाला, आणि तेही विक्रीचा अधिकार देऊन, कदापि नाही.

आपल्या समाजात यात आणखी एक धोका आहे. पुष्कळ वाड्यांची घरे, परसे, खळी ही जुन्या महार वतनाच्या जमिनीवर आहेत. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडले होते, कारण वतन हे आपल्या गळ्यातील लोढणे आहे असे त्यांचे ठाम मत होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली व जमिनी वतनदारांना परत मिळाल्या, पण त्या नव्या शर्तीने. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे दिसते ते हेच. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय व शासनाची रक्कम भरल्याशिवाय विकता येत नाही. विकली तर ती सरकारजमा होऊ शकते. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढवा येथील सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, तो आपण सर्वांनी वाचला असेल. त्यातही कुलमुखत्यारपत्र होतेच.

म्हणून आम्ही जाहिरात द्यायच्या आधी कागद गोळा केले. आमच्या सर्व बोलण्याचा गाभा म्हणाल तर तो एवढाच आहे : कागद अपुरे असले की घराला फक्त रोखीवाले गिऱ्हाईक मिळते. ज्याला बँकेचे कर्ज काढायचे आहे, म्हणजे शिक्षक, नर्स, कंपनीतला फिटर, रेल्वेचा कर्मचारी, जो खरोखर राहायला येणार आहे, तो अपुऱ्या कागदाच्या घराकडे येऊच शकत नाही. बँकेचा वकील त्याला परत पाठवितो. मग उरतो तो रोखीत स्वस्त घेऊन महाग विकणारा. आपण म्हणतो, चांगले गिऱ्हाईकच मिळत नाही. चांगल्या गिऱ्हाइकाच्या वाटेत आपणच काटे टाकून ठेवलेले असतात.

आम्ही काय काय गोळा केले? सर्वप्रथम वारस. वडिलांच्या नावावरचे घर आमच्या तिघांच्या नावावर यायला हवे होते. येथे काही बंधूंचा गैरसमज आहे तो दूर करतो. हिंदू वारसा कायदा १९५६ हा नावाने हिंदू असला तरी वारसापुरता तो बौद्धांनाही लागू आहे. वडिलांनी स्वतः बांधलेल्या घरात मुलीचा वाटा त्या कायद्यापासूनच आहे. वडिलोपार्जित मिळकतीतही २००५ च्या दुरुस्तीने मुलगी मुलाच्या बरोबरीने आली आणि ११ ऑगस्ट २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने उरलीसुरली शंकाही मिटली. बहिणीची सही लग्नात दिलेल्या साडीवर मिटत नाही. तिची सही नसेल तर खरेदीदाराचा वकील पहिल्याच दिवशी ते दाखवून देतो. तिला खरोखरच वाटा नको असेल तर तिने स्वेच्छेने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. आमच्या बहिणीने केले नाही, वाटा घेतला, आणि बरेच केले.

त्यानंतर घराची जागा. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, म्हणजे नमुना नंबर ८, आमच्याकडे होता आणि आम्ही तोच मालकीचा दाखला समजत होतो. तो घरपट्टीचा दाखला आहे, मालकीचा नव्हे. गावठाणातील घरांना वर्षानुवर्षे नकाशाच नव्हता. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या. आपल्या गावाची पत्रिका निघाली असेल तर ती काढून घ्यावी, नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे चौकशी करावी. आम्ही महाडला तीन फेऱ्या मारल्या. मोजणी झाली तेव्हा कळले की घर गावठाणात आहे, परंतु मागचे परसू, जिथे फणस आहे, तो तुकडा वर्ग २ चा आहे. एजंट म्हणाला होता, “कुंपण एकच आहे, तोही दाखवून टाकू.” दाखविला असता तर खरेदीदार फसला असता आणि उद्या नोटीस आमच्या नावाने आली असती. तो तुकडा आम्ही विक्रीतून काढला.

ज्यांचे घर गावठाणाबाहेर शेतजमिनीत आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की कूळकायद्यामुळे शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकरीच विकत घेऊ शकतो. अशा घराची जाहिरात मुंबईच्या नोकरदारापुढे करून उपयोग नाही. तो शेतकरी आहे की नाही हे आधी विचारावे.

भाव कसा ठरवावा? शेजाऱ्याने चहाच्या टपरीवर सांगितलेल्या आकड्यावरून नव्हे. शासनाचा वार्षिक मूल्यदर तक्ता, ज्याला रेडी रेकनर म्हणतात, तो मुद्रांकासाठी असतो. बाजारभाव त्याहून वेगळा असू शकतो. खरी माहिती मिळते ती सूची क्रमांक दोनमध्ये. आपल्या गावात मागील दोन-तीन वर्षांत कोणते व्यवहार नोंदले गेले, किती क्षेत्र, किती मोबदला, हे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. हे काम आमच्या पुतणीने केले, ती बारावीत होती. विद्यार्थी मित्रहो, तुमचे शिक्षण आईबापांच्या कामी यायचे असेल तर अशा ठिकाणी यावे. तिने काढलेल्या कागदांवरून दिसले की एजंट आम्हाला जो आकडा ‘हातात’ देत होता तो चालू भावाच्या निम्म्याच्या थोडाच वर होता.

आता जाहिरात. एजंटाने लिहिलेली जाहिरात अशी होती : ‘वीर स्टेशनपासून ५ मिनिटे! हायवे टच! निसर्गरम्य! गुंतवणुकीची सुवर्णसंधी!’ या जाहिरातीवर आठवड्यात पुष्कळ फोन आले. पाच मिनिटे म्हटल्यावर माणूस स्टेशनवर उतरून पायी निघे, आणि पंचवीस मिनिटांनी घामाघूम होऊन घरापाशी येई तो आधीच रागावलेला. एक जण तर घर न पाहताच परत गेला. खोट्या जाहिरातीने माणसे खूप येतात, पण चुकीची येतात, आणि प्रत्येकाबरोबर आपला एक रविवार जातो.

आम्ही बसून दुसरी लिहिली. ती वाचून दाखवितो :

“मौजे वीर, ता. महाड येथील बौद्धवाडीतील जांभ्या दगडाचे कौलारू राहते घर विकणे आहे. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे पडवी. वीर स्थानकापासून चालत पंचवीस मिनिटे. वीजमीटर व नळ आहे. उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड. मोठ्या पावसात ओढ्यावरची वाट काही तास बंद होते. घरात आजवर पाणी आलेले नाही. पडवीची कौले व दोन वासे बदलावे लागतील. मिळकत पत्रिका तयार, तिन्ही वारस सही करतील. मागील परसू विक्रीत नाही. व्यवहार पूर्ण चेकने. राहण्यासाठी घेणाऱ्यास प्राधान्य.”

भाऊ म्हणाला, “ही काय जाहिरात आहे? हिच्यात सगळे दोषच.” पण पुराचे लिहिले नसते तर चालले असते का? २६ जुलै २००५ ला दासगाव, जुई या आपल्या शेजारच्या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली आणि महाड शहर पाण्याखाली गेले. त्यानंतर या तालुक्यात घर पाहायला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न पाणी कुठवर येते हाच असतो. आपण आधी सांगितले तर तो विश्वास ठेवतो. त्याने शेजाऱ्याकडून काढून घेतले तर आपल्या बाकीच्या खऱ्या गोष्टीही खोट्या ठरतात. त्याच कारणाने घर आम्ही जुलैतच दाखविले. लोक दिवाळीनंतर दाखवितात, म्हणजे गळती दिसत नाही. ज्याने जुलैत घर पाहून पसंत केले तो जानेवारीत माघार घेत नाही.

आणि वाडीचे नाव. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता, तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना तेथे जाऊन उघडपणे पाणी प्यावे लागले. त्या तालुक्यात राहून आपण आपल्या राहत्या वाडीचे नाव गिऱ्हाइकापासून लपवायचे? डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, त्याप्रमाणे कोठे नवे नाव आले असेल तर कागदांवर जुने व नवे दोन्ही लिहावे, म्हणजे पुढे घोळ होत नाही. तो हिशेबाचा भाग झाला. लपविणे ही निराळी गोष्ट.

ही जाहिरात आम्ही मुंबईच्या गावशाखेच्या मासिक सभेत वाचली, व्हॉट्सॲपवर टाकली, महाडच्या दोन शाळांच्या शिक्षकांना दिली आणि औद्योगिक वसाहतीत कामाला असलेल्या दोन नातेवाइकांकडे पाठविली. घरावर पाटी लावली. घर झाडून, चुना मारून, विजेचे दिवे लावून ठेवले. त्याला चार हजारांच्या आत खर्च आला. वासे मात्र मुद्दाम रंगविले नाहीत.

फोन थोडेच आले. पहिला आला तो मालाचे गोदाम करणारा. त्याने आमच्या आकड्यापेक्षाही जास्त देऊ केले, पण निम्मे रोख. मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा अधिक रक्कम रोख घेण्यास २०१५ पासून प्राप्तिकर कायद्याने बंदी आहे, आणि घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय काकूंच्या दाराशी दिवसरात्र टेम्पो उभे राहिले असते. भाऊ दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. दुसरे एक मुंबईचे जोडपे आले, त्यांना ओटी फार आवडली, फोटो काढले. जाहिरात त्यांनी नीट वाचली नव्हती. वाडीचे नाव पाटीवर पाहिले आणि “कळवितो” म्हणून गेले. कळविले नाही. वाईट वाटले, नाही असे नाही. पण ते इसार देऊन, घरात येऊन, मग तोंड फिरवून राहिले असते तर? जाहिरातीने आपले काम केले होते.

तिसरे कुटुंब पोलादपूरकडचे. त्यांचे गाव डोंगराच्या कुशीत, पावसाळ्यात रात्री झोप लागत नाही अशी स्थिती. नवरा कंपनीत कामाला, बायको आरोग्य खात्यात. सासऱ्यांना उपचारासाठी वरचेवर मुंबईला न्यावे लागे, म्हणून रेल्वेजवळ घर हवे होते. पंचवीस मिनिटे त्यांना जास्त वाटली नाहीत. त्यांची जात आम्ही विचारली नाही. जाहिरात वाचूनच ते आले होते. ते भर पावसात दोनदा आले, ओढा पाहिला, काकूंच्या घरी बसून चहा घेतला. काकूंनीच आम्हाला फोन करून सांगितले, “ह्यांना दे.”

पत्नीच्या नावे खरेदी केली, त्यामुळे मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळाली. निवासी घर महिलेच्या नावे घेतल्यास ही सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे, आणि पुष्कळांना माहीत नाही. वासे-कौलांचा खर्च म्हणून आम्ही किंमत थोडी कमी केली. साठेकरार नोंदविला, इसार चेकने घेतला. बँकेच्या वकिलाने कागद तपासायला तीन आठवडे घेतले व एकही आक्षेप काढला नाही. खरेदीखताला महाडच्या दुय्यम निबंधक कार्यालयात आम्ही तिघे भावंडे समक्ष हजर होतो. गोदामवाल्याच्या आकड्याहून कमी, पण एजंटाच्या ‘हातात’वाल्या आकड्याच्या दीडपटीहून अधिक, एवढी रक्कम तिघांच्या खात्यांत सारखी जमा झाली. भाऊ आता आमच्याशी बोलतो.

परसाचा तुकडा अजून आमच्याच नावावर आहे. त्याचे काय करायचे हे ठरलेले नाही. परवानगीचा अर्ज करावा की तसाच ठेवावा यावर आम्हा भावंडांत एकमत नाही. फणस तूर्त काकू आणि ती नवी मंडळी वाटून घेतात.

ज्यांना घर काढायचे असेल त्यांनी आमच्या जाहिरातीचा नमुना, वारस नोंदीच्या अर्जाचा नमुना आणि सूची दोन कशी काढायची याची पुतणीने लिहिलेली दोन पाने संस्थेच्या कार्यालयात पाहावीत. रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही तेथे असतो. येताना बहिणीलाही बरोबर आणावे. जय भीम.